टाळीचं वाक्य खोडणाऱ्या बाई

शिवलीलाबाई हुडगे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लातूरच्या कॉलेजात, युवक महोत्सवाच्या तालमीत. मी लोह्याहून शिकायला आलेला. आवाज दणदणीत, आणि दणदणीत आवाजालाच अभिनय म्हणतात अशी पक्की समजूत. एकांकिकेत मी सासऱ्यावर ओरडणारा जावई होतो. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बस कर बाबा, सासऱ्याचे कान फुटले असतील. उद्या तू सासरा हो." मला वाटलं, भूमिका गेली. पण ती बाईंची रीतच होती. ज्याच्याशी आपलं भांडण, त्याची भूमिका तालमीत एक दिवस आपण करायची. दुसऱ्या दिवशी मी सासऱ्याच्या खुर्चीत बसलो, माझीच बोलणी दुसऱ्याच्या तोंडून खाल्ली, आणि तेव्हा खाली आलेला माझा आवाज आजवर वर गेलेला नाही. माझ्या घरचे त्याबद्दल बाईंचे आभारी आहेत.

बाई उदगीरच्या एका आडत दुकानदाराच्या घरात थोरली सून म्हणून आल्या. आधी तिथं आणि पुढे नवऱ्यासह, म्हणजे आमच्या सरांसह, लातूरला राहून शाळेत मराठी शिकवलं आणि शिकवता शिकवता नाटकं लिहिली, बसवली. शिस्तीला कडक. तालमीला उशिरा येणाऱ्याला आत घेत, पण चहा देत नसत. मात्र माणसासाठी झिजायची वेळ आली की बाई सगळ्यांच्या पुढे. आमच्या गटातली सुनंदा किनवटच्या वसतिगृहात वाढलेली. नाटकाचं कळताच वडील तिला गावी घेऊन गेले. बाई रेल्वेनं किनवटला आणि तिथून तिच्या गावी पोचल्या. नाटकाबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "पोरगी माझ्या घरी, माझ्याजवळ राहील. तुम्हीबी येऊन राहा, बघा कशी राहती ती." वडील आले, राहिले आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. आमच्या चित्रपटातली आई म्हणजे हीच सुनंदा.

त्या चित्रपटाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बाई काय आहेत हे मला खऱ्या अर्थानं तेव्हा कळलं.

'अव्वाची भिंत' हे बाईंचं सर्वांत गाजलेलं नाटक. अव्वा म्हणजे आई. लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात दोन भाऊ रोज भांडतात, धाकटा घरात भिंत घालायला लावतो, आणि देवघर कुणाच्या बाजूला जावं यावरून पुन्हा जुंपते. तेव्हा अव्वा गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून धाकट्याला म्हणते, "माझा देव माझ्या गळ्यात हाय, तुझ्या भिंतीत न्हाई." या वाक्यावर नांदेडला, लातूरला, जिथं जाऊ तिथं टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. हे घर कुणाचं, हे ओळखायला उदगीरला वेळ लागला नाही. बाईंचे धाकटे दीर मन्मथअप्पा यांनी बाईंशी बोलणं टाकलं. सर गेले तेव्हा ते आले, भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वहिनीकडे न बघता निघून गेले.

मला या नाटकावर चित्रपट करायचा होता. माझा पहिलाच. निर्माते तयार होते, सुनंदा तयार होती. बाईंनी अट घातली, "आधी भावजींना विचारायचं. ते न्हाई म्हणाले तर पिक्चर न्हाई."

मला राग आला. म्हणालो, "बाई, इतकी वर्षं प्रयोग केले तेव्हा नाही विचारलं."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "नाटकावर पडदा तरी पडतो. हे त्यांच्या नातवंडांच्या मोबाईलवर राहील."

आम्ही उदगीरला गेलो. अप्पा दुकानात तक्क्याला टेकून बसले होते. वहिनीला बघून उठून उभे राहिले, पण बोलले नाहीत. बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, लोकांना एकमेकांच्या भूमिका करायला लावल्या, तुमची मात्र मी कधी केली न्हाई. भिंत का मागितली होती तुम्ही?"

अप्पा पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "वैनी, अव्वा असं कवाच बोलली न्हाई. ती तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची अन् हिकडं मी अन् दादा भांडत बसायचो. तिची पूजा मोडायची. पूजा झाल्याबिगर ती जेवती का? तशीच उपाशी उठायची. तुम्ही तवा शाळेत. भिंत झाली की आवाज जाणार न्हाई, अव्वा जेवंल, म्हून मागितली. तुम्ही मला लई हावरा करून टाकलं."

"मग सांगितलं का न्हाई?"

"इचारलं कोनी?"

बाईंना पुढचा प्रश्न विचारवेना. तरी त्यांनी विचारला, "मग अव्वा जेवल्या का?"

अप्पांनी मान हलवली. "भांडण थांबलं. तुम्ही लातूरला गेलात. मग पलीकडून दादाचा आवाजच येईना, म्हून जेवंना."

बाईंनी हात जोडले. "चुकलं माझं, भावजी." अप्पांनी तोंड फिरवलं. "पिक्चर करा," एवढं म्हणून ते आत गेले.

परतताना गाडीतच बाईंनी ते वाक्य खोडलं. मी गयावया केली. "बाई, सगळं नाटक त्या वाक्यावर उभं आहे. टाळी पडते तिथं."

"टाळी पडते म्हणूनच कुणाला शंका आली न्हाई. मलासुद्धा."

मी रुसलो, निर्माते चिडले. बाई हलल्या नाहीत. ज्या वाक्यानं नाव मिळवून दिलं ते स्वतःच्या हातानं पुसायला किती छाती लागते, हे लिहिणाऱ्यांना तरी सांगायला नको. नव्या शेवटात भिंत पुरी होते, घर शांत होतं, अव्वाची पूजा पहिल्यांदाच अखंड पार पडते. समोर ताट येतं. ती ताट बाजूला सारून भिंतीला कान लावते. संवाद एकही नाही.

उदगीरच्या खेळाला अप्पा आले आणि कडेच्या खुर्चीत बसले. चित्रपट संपला. टाळी पडली नाही. मी मनातल्या मनात आटोपलंच म्हटलं. बाई मात्र दिराकडे बघत होत्या. 

अप्पा उठले, माणसांतून वाट काढत आले आणि बाईंसमोर उभे राहिले. डोळे भरलेले. म्हणाले, "वैनी, घरी चला. जेवायला."

मीही सोबत होतो. भिंत अजून आहे, पण ताटं पुढच्या ओसरीवर, एकाच सोप्यात मांडली होती. अप्पांनी स्वतः वाढलं, आणि बाई रडत रडत पोटभर जेवल्या.

बाई, आज तुम्ही पंचाहत्तरीच्या झालात. गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, शंभरी सहज ओलांडा. आणि उदगीरला जात राहा. तुम्ही येणार म्हटलं की अप्पा अजून जेवायचे थांबतात.