तिसरा भाग येण्याआधी कामठ्याला

यंदाच्या हिवाळ्यात तीन नव्या कादंबऱ्या येणार आहेत आणि मी न वाचताच तिन्हींच्या प्रेमात पडले आहे. एक धरणाखाली गेलेल्या गावाची. एक रहस्यकथा, जिच्यात म्हणे खुनी पहिल्याच पानावर कबुली देतो. आणि तिसरी आमची. आमची म्हणजे माझी आणि कामठ्याच्या मामाची. वैनगंगेवरच्या एका नावाड्याची गोष्ट आहे, तीन भागांतली. दुसऱ्या भागाच्या शेवटी नदीला पूर आलाय, दसरू नावाडी एकटाच नाव घेऊन निघालाय, काठावर त्याची बायको सगुणा कंदील धरून उभी आहे, आणि बरोबर तिथे लेखिकेने आम्हाला सोडून दिलं. त्याला आता चार वर्षं होत आली.

खरं सांगू, न आलेल्या पुस्तकासारखं सुख नाही. त्यात एकही कंटाळवाणं पान नसतं. मुखपृष्ठ जाहीर झालं की मी ते फोनवर मोठं करून पाहत बसते, मागच्या चार ओळींवरून अख्खं प्रकरण मनात रचते आणि तोवर गॅसवरची भाजी करपते. मामाही याच जातीचा. शेतकरी माणूस, पण गोंदियाला खत आणायला गेला की पुस्तकांच्या दुकानात डोकावल्याशिवाय परतत नसे. फोनवर माझं 'हॅलो' व्हायच्या आत विचारायचा, "दसरू पोचला का वो?"

या दिवाळीत त्याने विचारलंच नाही. मीच सांगितलं की तिसरा भाग लांबला, आता संक्रांतीनंतर येणार. तो म्हणाला, "बरं." मग थोडं थांबून, "कोन दसरू?"

मामीने फोन घेतला. "मागच्या महिन्यात गोंदियाहून घराकडे येऊन राहिले होते, अन् भेटले कुठं, तं बालाघाटच्या रस्त्यावर. डाक्टर म्हणते, आता असंच होत राहीन."

नवा भाग येण्याआधी जुने पुन्हा वाचून काढायचे, हा आम्हा वाचकांचा रिवाज. मी दोन्ही भाग पिशवीत टाकले आणि शनिवार-रविवार धरून निघाले. मामाची उजळणी घ्यायची आणि पुस्तक येईपर्यंत दसरूला त्याच्या डोक्यात टिकवून ठेवायचं, एवढाच बेत होता.

नागपूरहून गोंदियाला रेल्वे सोपी आणि स्वस्त. तुम्ही जाणार असाल तर तिनेच जा. मी मुद्दाम एसटी पकडली, कारण मला खिडकी आणि वेळ दोन्ही हवं होतं. साकोली सोडली की दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं, आणि सकाळच्या धुक्यात सागाची मोठाली पानं एकेक करून दिसायला लागतात. मांडीवर पहिला भाग उघडा होता, पण एक पान वाचायचं आणि दहा मिनिटं बाहेर बघायचं, असं चाललेलं. धान कापून झालं होतं. बांधीबांधीत, म्हणजे धानाच्या खाचरांत, कापलेल्या पिकाचे पुंजणे रचून ठेवलेले, आणि मधल्या तळ्यांत शिंगाड्याचे वेल पसरलेले. असा रस्ता संपू नये असं वाटतं आणि तो नेमका लवकर संपतो.

सडक अर्जुनीजवळ, जिथे रस्ता गोंदियाकडे वळतो, तिथे गाडी चहाला थांबली. ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर आलुबोंडा खा, तर्रीत बुडवून. दोन आलुबोंडे आणि चहा पन्नासाच्या नोटेत होतात आणि पोट दुपारपर्यंत गप्प राहतं. शेजारच्या बाजेवर दोन ड्रायव्हर एकाच फोनवर कसलीशी गोष्ट ऐकत होते. गोष्ट मध्येच थांबली.

"फिर? मरी क्या वो?" एकाने विचारलं.

"कल आएगा अगला."

"कल तो अपन रायपुर में रहेंगे."

"तो रायपुर में सुन लेंगे, भाई. वहाँ नहीं आता क्या?"

मला दोघांना मिठी मारावीशी वाटली. चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसले.

गोंदियात उतरून आधी मामाच्या नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. बाजारातलं अरुंद दुकान आहे, पुढे शाळेची पुस्तकं आणि मागे कादंबऱ्या. गोंदियात मराठी विचारलं तरी उत्तर हिंदीत येतं, त्याची सवय ठेवा. मी तिसऱ्या भागाच्या दोन प्रती सांगून ठेवल्या, एक माझी, एक कामठ्याची. कामठा ऐकताच दुकानदार चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले.

"कामठा वाले पटेलजी की आप कौन?"

"भाची."

"पिछले महीने आए थे. बोले, तीसरा वाला दो. मैंने बोला, अभी आया नहीं. थोड़ी देर स्टूल पर बैठे रहे. फिर मेरे से ही पूछा, मेरे को जाना कहाँ है. मैंने समझा, मज़ाक कर रहे हैं."

म्हणजे वाट चुकला त्या दिवशी मामा दसरूसाठीच आला होता. मी त्या स्टुलावर जरा वेळ बसले. दुकानदारांनी न विचारता पाणी दिलं.

कामठ्याला एसटी मिळते, नाही तर शेअर ऑटो. मी ऑटोने गेले. रस्ताभर नव्या धानाचा वास होता. मामा अंगणातच उभा होता. मला पाहून हसला, पुढे आला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. लहानपणी मला याची फार ऐट वाटायची. आज त्याच्या डोळ्यांत माझं नाव नव्हतं हे मला दिसलं, पण वाकायचं तो विसरला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

जेवायला मामीने तांदळाची भाकर, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि शिंगाडे उकडून ठेवले होते. जेवण झालं तसं मी पहिला भाग काढला. मामीने माझ्या हातावर हात ठेवला.

"दिवसा नको वाचू वो बाई."

"काऊन?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"दिवसा गोष्ट सांगितली तं मामा वाट चुकते. माहीत नाही का तुले? लहानपणी भर दुपारी गोष्टी सांगाले लावत होतीस तू याहिले. मी तवाच म्हणत होती."

ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि हसून सोडून दिली आहे. पण मामी हसत नव्हती. जिचा नवरा बालाघाटच्या रस्त्यावरून परत आणावा लागला, त्या बाईला मी काय समजावणार होते? मी पुस्तक मिटलं.

तेव्हा मामा बाजेवरून म्हणाला, "चुकलोच तं हाय आता. आता कायले भेवाचं? वाच तू."

 मामी सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली, अगदी आमच्याजवळ. मी वाचायला लागले.

पहिल्या प्रकरणात दसरू लहान आहे. त्याचा बाप त्याच्या कमरेला वाळलेला तुंबा, म्हणजे पोकळ दुधी भोपळा, बांधतो आणि पोहायला शिकवायला त्याला नदीत सोडून देतो. हे प्रकरण मामाला तोंडपाठ होतं, माझ्या आधी पुढचं वाक्य म्हणायचा. आज तो नुसता ऐकत होता. तुंब्याची दोरी सुटते तिथे त्याने बाजेची कड घट्ट धरली. "बुडते का मंग?" त्याने घाबरून विचारलं. तेव्हा मला कळलं की टिकवून ठेवायला दसरू उरलेलाच नाही. पहिला भाग गेला, दुसरा गेला, पुरातली नाव गेली, सगुणाचा कंदील गेला. आम्ही दोघांनी मिळून वाट पाहिलेली सगळी वर्षं गेली. ते प्रकरण मी कसंबसं संपवलं आणि डोकं दुखतं म्हणून उठले.

रविवारी सकाळी मामाला घेऊन तळ्यावर गेले. या भागात आलात तर पहाटे धानाच्या बांध्यांकडे फिरा. सारस पक्ष्यांची जोडी दिसू शकते, न दिसली तरी फेरी वाया जात नाही. आम्हाला दिसली. धुक्यात आधी चार उंच पाय दिसले, मग हळूहळू वरचे पक्षी. दोघं एकमेकांपासून दोन पावलांवर चरत होते, अजिबात घाई नव्हती. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मऊ ऊन आलं होतं. मामाने माझा हात धरला होता.

"तू कोनाची वो?" त्याने विचारलं.

"तुझ्या बहिणीची."

"मंग तं भाची हायेस." आणि तो तिथेच, ओल्या पाळीवर, पुन्हा वाकला. मी त्याला धरून उठवलं. चार पावलं चाललो असू, तो म्हणाला, "त्या तुंबावाल्या पोराचं पुढं काय झालं?"

मी थांबलेच. माझं नाव रात्रीत टिकलं नव्हतं, पण दसरू टिकला होता. त्या तळ्याच्या पाळीवर मला मत्सरही वाटला आणि आनंदही झाला, आणि दोन्हींत आनंद जास्त होता. घरी येऊन भर सकाळी दुसरं प्रकरण वाचलं. मामीने या खेपेला अडवलं नाही. निघताना दोन्ही भाग तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "सातवीपर्यंत शिकली मी. हळूहळू वाचीन."

संध्याकाळच्या रेल्वेने नागपूर गाठलं. पुस्तकं कामठ्यातच राहिल्यामुळे गाडीत हात रिकामे होते, त्यामुळे सगळा वेळ काचेबाहेरचा अंधार आणि मधूनच येणारी स्टेशनं पाहत आले.

परवा मामीचा फोन आला. पहिला भाग वाचून झाला म्हणे. मामा रोज जेवण आटोपलं की बाजेवर येऊन बसतो.

"मग दुसरा सुरू केला?" मी विचारलं.

"नाही. ढोलीत लपवला, धानात." ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. "मामा रोज विचारते, दुसरा भाग कवा येते? मी म्हणतो, येऊन राहिला, गोंदियाहून निघाला. मंग दारातच बसून राहते. पुस्तकवाला येईन अन् आपण घरी नसू म्हणून कुठं जात नाही. महिना झाला, एकदाही कुठं गेला नाही तुझा मामा."

 मामीच पुढे म्हणाली, "पोळ्यापर्यंत पुरवीन मी हे दोन. तिसरा आला तं तूही फोडू नको. संगच वाचू."

एरवी पुस्तकाचं पार्सल मी जिना चढायच्या आतच फोडते, पण या वेळी हो म्हटलं. प्रत संक्रांतीनंतर येईल आणि कपाटात तशीच राहील. दसरू अजून पुरातच आहे, सगुणा अजून काठावर उभी आहे, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच मला वाटतंय की त्याने एवढ्यात पोचू नये.