सोपानभाऊंचं डिस्पॅच

चाकणच्या आमच्या कंपनीत डिस्पॅचच्या टेबलावर माल थांबत नाही, गाडी लागली की जातो. किस्से मात्र तिथंच साठतात, आणि ते करून ठेवणारा माणूस एकच, सोपानभाऊ. मूळचे उदगीरकडचे, राहायला थेरगावला. अकरा वर्षं डिस्पॅच क्लार्क, तेही काँट्रॅक्टवर. परमनंट व्हायचं, एवढं एकच त्यांच्या मनात. मी शेजारी स्टोअरला, म्हणून मला हे सगळं फुकटात बघायला मिळालं.

*

एकदा एचआरच्या मॅडमनी ट्रेनिंग ठेवलं. पहिल्याच स्लाइडवर शब्दाची कुंडली. डिस्पॅच म्हणे इटली-स्पेनकडून इंग्रजीत आला. मूळ अर्थ, काम झटपट मार्गी लावणं. मग माल पाठवणं, तातडीचा निरोप धाडणं, आणि एखाद्याला जिवानिशी संपवणं, यालाही इंग्रज डिस्पॅचच म्हणतात.

सोपानभाऊंनी हात वर केला. "मॅडम, माणसाला अकरा वर्षं लटकवून ठेवायचं, हे यातल्या कुठल्या अर्थात बसतंय?"

मॅडमनी चहाचा ब्रेक जाहीर केला.

*

वरच्या मजल्यावरच्या साहेबांची नवी खुर्ची स्टोअरला आली. मी म्हटलं, दोघं मिळून जिन्यानं वर नेऊ.

"जिन्यानं माणसं जातात राव. माल गेटमधून जातो."

चलन केलं, खुर्ची टेंपोत चढवली, गेटबाहेर काढली, चौकातून वळवून परत आत घेतली. रजिस्टरला नोंद केली. मग आम्ही दोघांनी ती जिन्यानं वर नेली.

साहेब तोवर उभेच. म्हणाले, "तुमच्या परमनंटचं मी बसून विचार करून सांगतो."

*

एकदा गिऱ्हाईक कंपनीची लाइन बंद पडायची वेळ आली, बोल्टचा एक बॉक्स कमी. सोपानभाऊ स्वतः टेंपोत बसले. ट्रॅफिक तर तुम्हाला माहितीच आहे. अर्ध्या तासात टेंपो दोन हात सरकला. भाऊ उतरले, बॉक्स डोक्यावर घेतला आणि चालत जाऊन पोचले.

गेटवरचा सिक्युरिटी म्हणाला, "गाडी नंबर टाकल्याशिवाय एन्ट्री होत नाही."

"चालत आलोय."

"तसा कॉलम नाही."

भाऊंनी खाली पायाकडं पाहिलं आणि चपलेचा नंबर सांगितला. आठ. माल आत गेला.

*

गेल्या महिन्यात सकाळीच एचआरच्या मॅडमचा फोन. "हेड ऑफिसनं सोपानभाऊंची परमनंटची ऑर्डर काल पाठवली."

भाऊंचे डोळे भरून आले. लगेच घरी फोन करून सांगितलं. मी पळत जाऊन पेढे आणले. सगळं स्टोअर टेबलाभोवती गोळा झालं.

तेवढ्यात कुरियरवाल्यानं पाकीट आणून दिलं. भाऊंनी ते उलटसुलट करून पाहिलं. नाव बरोबर, डिस्पॅच बरोबर. आमचे चाकणला दोन प्लांट, आणि पाकिटावर प्लांट नंबर नव्हता.

भाऊंनी शिक्का उचलला. पत्ता अपूर्ण, परत. रजिस्टरला नोंद केली आणि पाकीट कुरियरवाल्याच्या बॅगेत टाकलं.

"अहो भाऊ, तुमचंच आहे ते!" मी ओरडलो.

"माहितीय मला," भाऊ म्हणाले. "पण परमनंट माणसानं पहिल्याच दिवशी नियम मोडायचा का?"

त्यांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि पहिला पेढा कुरियरवाल्याच्या हातावर ठेवला.