नसलेलं दार

परवा जुनी फाइल आवरताना झेरॉक्सचं एक पान सापडलं आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा तडकलं. एका जुन्या चिनी नाटकाचं इंग्रजी भाषांतर होतं ते. कंसात एकच सूचना: ‘दार उघडण्याचा अभिनय करते.’ खाली माझ्या पेन्सिलीने सहा वेळा लिहिलेलं, ‘उंबरठा!’

कार्डिफमध्ये नवरा ऑफिसला गेला की मला काहीच उद्योग नसायचा, म्हणून कम्युनिटी हॉलमधल्या नाटकाच्या क्लासला नाव घातलं होतं. हॉलला ओल्या कार्पेटचा वास. शिकवायला साठीच्या, मूळच्या चीनच्या लिनबाई. त्यांच्याकडच्या जुन्या नाटकांत रंगमंचावर दार नसतंच. हातांनी कडी सरकवायची, दोन्ही कवाडं ओढायची आणि पाय उचलून उंबरठा ओलांडायचा. एवढंच. आणि दर वेळी बाई म्हणायच्या, "अगेन. तू उंबरठ्यावर पाय दिलास." पुण्याला आई यावरूनच ओरडायची, पण तिथे निदान उंबरठा तरी होता!

सातव्यांदा "अगेन" ऐकलं आणि मी कोट उचलून तरातरा निघाले.

"तिकडे भिंत आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "दार इकडे."

मी फणकाऱ्याने वळले, कडी सरकवली, कवाडं ओढली, पाय चांगला उंच उचलून बाहेर पडले आणि मागे दार धाडकन आपटलं.

कसलाच आवाज झाला नाही. तरी बाई दचकल्या, आणि मग टाळ्या वाजवू लागल्या.

मला वाटलं, चेष्टा करतायत. पुन्हा त्या क्लासला गेले नाही. आता चीड येते ती स्वतःचीच. आयुष्यात एकदाच नीट जमलेलं ते दार मी बाहेरून लावून घेतलं.