काळा दोरा

आंबाडीची भाजी शिजताना आंबूस वास सुटला की हिंगणीतली ती चूल आठवते. मी तेव्हा पेपरला बातम्या द्यायचो. धरणात एक मासेमार बुडाला होता आणि त्याच्या नावाचे गावात दोघे होते. चुकीचं नाव छापू नये म्हणून त्यातल्या एकाच्या घरी गेलो. प्रेताचा शर्ट मी खिशावरच्या टाक्यांसकट नीट पाहून ठेवला होता. भाकर थापणाऱ्या त्याच्या बायकोला विचारलं, आज कोणता शर्ट घातलाय त्यांनी? "निळा. खिसा म्या कालच काळ्या दोऱ्यानं शिवला. काऊन विचारून राह्यले, भाऊ?" मी "असंच" म्हणालो आणि चपला घातल्या. दुसऱ्या दिवशी बातमीत एकही चूक नव्हती. त्या सगळ्यात खोटं एवढंच होतं, जे मी तिच्या तोंडावर बोललो.