लोकर हलली पायजे

"आता तोंड उघडून काय करतू बाबा? इथं मराठी बोलाया मनाई हाय."

प्रयोगशाळेच्या दाराशी मी थबकले. आत शिपाईमामांशिवाय कुणी नव्हतं. ते काचेच्या पेटीपुढे उकिडवे बसून आतल्या सरड्याशी बोलत होते. सरड्याने खरोखरच तोंड वासलं होतं. मामांनी खिशातून पांढऱ्या लोकरीचा एक धागा काढला, हात लांब करून पेटीच्या उघड्या दारात धरला आणि डोळे बारीक करून पाहत राहिले. धागा ढिम्म हलला नाही.

"लोकर हलत न्हाई," ते त्याला म्हणाले. "म्हंजे तुजंच बराबर हाय. तोंड वासशील न्हाई तर काय करशील."

मग मी दिसले. ते लगबगीने उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "गुड मार्निंग म्याडम." हे त्यांचं इंग्रजी. शाळा सुटतानाही तेच.

तुम्हीही असे शिपाईमामा पाहिले असतील. घंटा देणारे, खडू आणणारे, ज्यांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठे लिहिलेलं नसतं. आमचे मामा शिरड शहापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. कळप धाकट्या भावाकडे सोपवून ते वसमतला आमच्या शाळेत चिकटले होते. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. गावाबाहेर, हळदीच्या शेताला लागून ही इंग्रजी शाळा नुकतीच उभी राहिली होती. मी नांदेडच्या कॉन्व्हेंटमधून शिकून तिथे विज्ञान शिकवायला आले. माझी मराठी ऐकून मुलं हसत आणि इंग्रजी ऐकून गप्प बसत. म्हणून मी दोन्ही भाषांत कमी बोलू लागले.

सरडा मामांनीच आणला होता. रंग बदलणारा, हिरवा, फिरत्या डोळ्यांचा. तो रस्ता ओलांडत होता, एक पाऊल पुढे टाकायचं की नाही याचा विचार करत, आणि मुलं दगड गोळा करत होती. मामांनी कडुलिंबाची फांदी त्याच्यापुढे धरली, तो चढला, आणि मामा त्याला निशाणासारखा धरून आवारात आले. संध्याकाळी पलीकडच्या झाडावर सोडायचा त्यांचा विचार होता. पण तेवढ्यात अध्यक्षसाहेबांची जीप आली.

अध्यक्षसाहेबांना शाळेत सगळं 'इंटरनॅशनल' हवं असे. शाळेतल्या शौचालयाला दार नव्हतं, पण पाटी इंग्रजीत होती. त्यांनी सरड्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "धिस इज आवर लाइव्ह झू."

असा प्राणी कोंडून ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मला फार नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच सांगण्यात आलं की, पेटीचं चित्र काढून द्या. मी पुस्तकं चाळली. काढलं. एका बाजूला खाली जाळी, समोरच्या बाजूला वर जाळी, म्हणजे थंड हवा खालून आत येईल आणि गरम हवा वरून बाहेर जाईल. आत जिवंत रोप. बोलायला नको म्हणून सगळं कागदावर लिहून दिलं. सोनारांच्या दुकानांतले शोकेस करणाऱ्या कारागिराने अगदी तशीच पेटी केली. फक्त मागे एक आरसा जास्तीचा लावला. तो साहेबांच्या सांगण्यावरून. "एकाचे दोन दिसले पाहिजेत."

खरी अडचण देणगीदारांची झाली. आमच्या शाळेत पाटीशिवाय देणगी नसे. पंख्याच्या पात्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, घंटेच्या लाकडी मोगरीवरही एका कैलासवासी आजोबांचं नाव. पेटीसाठी एका हळदीच्या आडत्याने आणि एका कापडवाल्याने हात सैल सोडला होता. पाट्या कुठे लावायच्या? काचेवर लावल्या तर सरडा दिसणार नाही. मग जाळी होतीच की, रिकामी! दोन जाळ्या, दोन देणगीदार. स्टीलच्या दोन पाट्या जाळ्यांच्या मापाने कापून, चार-चार इस्क्रूंनी घट्ट बसवण्यात आल्या. लाल अक्षरं, खाली 'सौजन्य'. हवेला आत जायला जागा उरली नाही, पण नावं लांबून वाचता येत.

त्या दिवशी तोंड वासलेल्या सरड्यापुढे आम्ही दोघं उभे होतो. मामा म्हणाले, "मेंढरं वाघरीत काहून ठिवतेत? भिंतीत काहून न्हाई?"

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, एवढं मला माहीत होतं.

"वारं आरपार जातंय म्हनून. भिंतीत कोंडलं की खोकला, शेंबूड, मग एक एक जनावर आडवं. आमचा बा लोकर धरून बघायचा. लोकर हलली पायजे. हलली की जनावर जगलं."

मग जरा थांबून ते म्हणाले, "म्याडम, मला लांबचं दिसतंय. जवळचं न्हाई. ह्ये बारके इस्क्रू..."

दुसऱ्या दिवशी मी पर्समधून पेचकस घेऊन गेले.

तेव्हापासून आमचा नेम सुरू झाला. सकाळी प्रार्थनेआधी मी आठ इस्क्रू काढायची, मामा पाट्या बाकाखाली ठेवायचे आणि आरशावर पोतं टाकायचे. आरशातला सरडा पाहून आमचा सरडा काळा पडायचा, फुगायचा, फिस्कारायचा. "सोताशीच भांडून राहिलं लेकरू," मामा म्हणायचे. "पानी बी प्यायला फुरसत न्हाई." वाटीतलं पाणी तो पीतच नसे. मामा लिंबाची डहाळी पाण्यात बुडवून पानांवर शिंपडत, पूजेत शिंपडतात तसं, आणि तो पानावरचे थेंब चाटे. मग मामा पानं सुकेपर्यंत बसून राहत. "वलं झालं पायजे, पन वाळलं बी पायजे. न्हाई तर बुरशी." लेंड्या रोज उचलायच्या, तळ साध्या पाण्याने पुसायचा. साहेबांचा हुकूम होता, पेटीत फिनेल मारा. मामा फिनेलचा बोळा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर टांगून ठेवत. साहेब दारातच खोल श्वास घेत आणि म्हणत, "व्हेरी गुड. क्लीन."

शाळा सुटताना, किंवा मध्येच साहेबांची जीप वाजली की, पाट्या परत. पोतं गायब. मामा दारात, "गुड मार्निंग".

पंधरा दिवसांत सरडा पुन्हा हिरवा झाला. मामांना त्याचा एवढा हुरूप आला की एका दुपारी त्यांनी लोकर घेऊन सगळी शाळा तपासली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून वर्गांच्या खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या होत्या. तिसरीचा वर्ग, पाचवीचा वर्ग, ऑफिस. वीज नव्हती. धागा कुठेच हलला नाही.

"एका जागी हलली," ते परत येऊन गंभीरपणे म्हणाले.

"कुठे?"

"शौचालयात."

मी हसले. त्या शाळेत मी मोठ्याने हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी पेटीचं उद्घाटन होतं. साहेब तासभर आधीच आले, आणि जीपऐवजी पाहुण्यांसाठी मागवलेल्या गाडीतून आले. आम्हाला आवाज ओळखता आला नाही. ते आत आले तेव्हा जाळ्या उघड्या होत्या, पाट्या बाकाखाली होत्या आणि आडत्यांच्या नावावर ओलं फडकं वाळत होतं.

"हे कुणी केलं?"

पेचकस माझ्या ओढणीखाली मुठीत होता. मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. मराठीतला नाही, इंग्रजीतलाही नाही.

"म्या काढल्या," मामा म्हणाले.

ज्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्याने आठ बारीक इस्क्रू काढले, यावर कुणीही शंका घेतली नाही. शिपायाने चूक केली म्हटलं की ती कशी केली हे कुणी विचारत नाही.

साहेबांच्या ड्रायव्हरने पाट्या परत बसवल्या आणि पेटी हॉलमध्ये नेऊन मांडली. पाहुणे आले. नारळ फुटला. समईची ज्योत पंख्याच्या वाऱ्याने विझू लागली, उदबत्तीची राख पाहुण्यांच्या सदऱ्यावर उडू लागली. तेव्हा आडत्यांनाच ते सुचलं. त्यांनी पेटीचं दार उघडलं, पेटती उदबत्ती आतल्या कुंडीत खोचली आणि दार लावून घेतलं.

"बघा, आत किती शांत आहे!" ते म्हणाले. "धूर कसा सरळ चाललाय!"

मामा त्या सरळ धुराकडे पाहत होते. त्यांना आता लोकरीची गरज नव्हती.

सरडा आधी पिवळट झाला, मग डागाळला, मग काळा पडला. त्याने तोंड वासलं. पाहुणे ओरडले, "रंग बदलला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी वाजवल्या, शिक्षकांनी वाजवल्या. माझे हातही एकमेकांजवळ गेले होते, हे मी इथे लिहून ठेवते.

टाळ्या चालू असतानाच मामा पुढे आले. त्यांनी पेटीचं दार उघडलं, उदबत्ती काढून पाहुण्यांच्या हातात दिली, आणि डहाळी सरड्यापुढे धरली. तो चढला. मामा त्याला घेऊन सभेच्या मधून चालत निघाले. सरडा अंगावर पडेल या भीतीने देणगीदार दोन्ही बाजूंना पांगले. कापडवाले खुर्चीवर चढले. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे.

कुंपणाबाहेरच्या लिंबावर त्याला ठेवून मामा परतले, तेव्हा साहेब मराठीत म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"व्हय साहेब," मामा म्हणाले. "पेटी मोकळी झाली. आता पाट्या बराबर दिसतील."

फाटकाशी मी त्यांना गाठलं. त्यांनी खिशातून धागा काढून माझ्या हातावर ठेवला. "तुमी बोलू नका म्याडम. तुमची नोकरी नवी हाय, गाव परकं हाय. मला काय, भावाची मेंढरं हायत." मग टोपी नीट करून, संध्याकाळी पाच वाजता, ते म्हणाले, "गुड मार्निंग."

मी तो धागा पर्समधल्या पेचकसाला गुंडाळून ठेवला.

मामा शाळेत परत आले नाहीत, हे आत्ताच सांगते. पुढे एकदा शिरड शहापूरच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून एका कळपामागे त्यांची टोपी दिसल्यासारखी वाटली. बस थांबली नाही. सरडा काही दिवस लिंबावर दिसायचा, तोही मला एकटीलाच, कारण बाकीच्यांना पानातला सरडा दिसत नसे.

सोमवारी साहेबांनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. इंग्रजीत ठराव टाइप करून आणला होता: शिपायाने परस्पर पाट्या काढून देणगीदारांचा अपमान केला, सबब त्याला कामावरून कमी केलं आहे. खाली सह्यांसाठी रेघा. कागद फिरू लागला. वीज गेली होती. पंखा थांबला होता, आणि पात्यावरचं देणगीदाराचं नाव पहिल्यांदाच नीट वाचता येत होतं. खिडक्या बंद, पडदे बंद. बाहेर रिकामी पेटी मांडली होती, दोन्ही पाट्या चकचकीत पुसून.

"एनी क्वेश्चन?" साहेबांनी विचारलं. हा प्रश्न ते नेहमी विचारत आणि उत्तराची वाट न पाहता उठत.

कागद माझ्यापाशी आला. मी पर्स उघडली. पेन काढायला हात घातला तर पेचकस लागला, आणि त्याला गुंडाळलेला तो पांढरा धागा. मी तो सोडवून टेबलावर हात लांब करून धरला. सगळे पाहत होते. धागा हलला नाही.

मी उभी राहिले. खुर्ची फार मोठ्याने करकरली.

"पाट्या मी काढल्या होत्या," मी मराठीत म्हणाले. "रोज मीच काढायचे. मामांना इस्क्रू दिसत नाहीत. आणि आधी कुणीतरी ती खिडकी उघडा."