आपणच दिलेला दाखला

ऑफिसात तिला सगळे आकडेताई म्हणत. विजेचे जुने टॉवर अजून किती वारा सोसतील, हे ती वीस वर्षं तपासत होती. नकाशावरचा एकेक लोखंडी अँगल कॉम्प्युटरवर चढवायचा, वाऱ्याचा आणि तारांचा भार द्यायचा, कुठला तुकडा वाकतो ते बघायचं. चूक तिला खपत नसे. "ही मिठाच्या चिमटीचीही बेरीज करते," असं नवरा म्हणायचा.

एक दिवस लाइनचे फोरमन तिच्या टेबलाशी आले. निवृत्तीला टेकलेले. सत्तेचाळीस नंबरच्या टॉवरची लक्षणं त्यांना बरी दिसत नव्हती.

"काका, चार वर्षांपूर्वीच तपासलाय मी. बळकट आहे."

"तुमचं गणित बरोबरच असणार, ताई. पण टॉवरला ते कुणी सांगितलंय?"

ती चिडली, पण दुसऱ्या दिवशी गेली. टॉवर दिसायला ठणठणीत, रंगही ताजा. फोरमनकाकांनी पायाशी माती उकरली. काँक्रीटच्या वर वीतभर लोखंडाचे पापुद्रे सुटत होते. तिने घासून माप घेतलं. नकाशात जाडी दहा मिलिमीटर, इथे जेमतेम सहा.

नवं माप घालून तिने पुन्हा गणित केलं. जोराच्या वाऱ्यात तो पाय दुमडणार होता. आणि याच लाइनवरच्या आणखी एकवीस टॉवरांना तिने असाच, माती न उकरता, दाखला दिला होता.

साहेब म्हणाले, "हा एक गुपचूप दुरुस्त करू. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आणि बाकीचे एकवीस?"

'माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे.' वरच्या ऑफिसला पाठवायच्या पत्रात एवढं वाक्य लिहायला तिला अख्खी सकाळ लागली.

लाइन बंद ठेवून सगळे पाय उघडले. नऊ टॉवर पोखरलेले निघाले. त्यांना नवे अँगल जोडले. तिची बढती मात्र तिच्या हाताखालच्या इंजिनियरला मिळाली.

"पत्राचा पश्चात्ताप होतोय?" नवऱ्याने विचारलं.

"पत्राचा नाही. चार वर्षं काही पडलं नाही, त्यात माझी हुशारी नव्हती. ते सलतंय."

पुढे मोठं वादळ आलं. टॉवर उभे राहिले. "उगाच बाऊ केला," असंही लोक म्हणाले. एरवी कसं झालं असतं, हे तिलाही सिद्ध करता येत नव्हतं.

नवा साहेब संकोचून म्हणाला, "ताई, ही खुर्ची खरं तर तुमची."

"बस रे. फक्त पुढच्या लाइनच्या दाखल्यांवर सही करण्याआधी मातीत उतरून ये."

तो गेला. दुपारी तिसऱ्या टॉवरजवळून त्याचा फोन आला, "ताई, इथेही पापुद्रे सुटतायत. तुम्ही या जरा."