हाताला न कळलेलं पाणी

समजा, तुमच्या तळहातावर एक छोटी कुंडी आहे. तिच्यात गुबगुबीत पानांचं, गुलाबासारखं रचलेलं सक्युलंटचं झाड. माती वरून कोरडी दिसते. पाणी घालायचं की नाही? बोट खुपसलंत तर मुळं दुखावतील. मग कुंडी उचलायची, जराशी तोलायची आणि हातालाच विचारायचं. हलकी लागली तर पाणी. जड लागली तर आठवडाभर तिच्या वाटेला जायचं नाही.

तराजूकाकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. एकतीस वर्षं ते बेकरीत पावाच्या पिठाचे गोळे तोडत आले होते. डोळे मिटून तोडला तरी गोळा ऐंशी ग्रॅमचाच. नाव त्यावरूनच पडलेलं. घरी खिडकीत सतरा कुंड्या. काकू त्यांना 'माझ्या सवती' म्हणायच्या आणि फुलं आली की शेजारणीला स्वतःच बोलावून दाखवायच्या.

यंदा मात्र सवतींना दृष्ट लागली. आधी एकीची खालची पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लावताच गळाली. मग दुसरीची. आज तिसरीची, आणि तीही नेमकी घंटेसारख्या केशरी फुलांची. तिचा दांडा वीतभर वर आला होता, कळ्या रंग धरत होत्या.

"तू माझ्या मागे पाणी घालतेस," काका म्हणाले.

"मी? सवतींना?" काकूंनी कपाळावर हात मारला. "घातलं तर विष घालीन हो, पाणी कशाला वाया घालवू?"

"मग बुंधा कुजला कसा? माझा हात सांगतो, कुंडी हलकी होती."

"मोठा आला सांगणारा हात! थांबा." त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून ओट्यावर आदळला आणि उरलेल्यांतल्या दोन कुंड्या पुढे केल्या. "मिटा डोळे. ही जड की ती?"

काकांनी उजव्या हाताने एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. "सारख्याच."

काट्यावर एक भरली एकशे नव्वद ग्रॅम, दुसरी दोनशे ऐंशी.

"घ्या! तराजूच बिघडला!" काकू हसल्या. मग काकांचा चेहरा पाहून त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "अहो, हाताला मुंग्या येतात का?"

"सहा महिने झाले."

"आणि मला आज सांगताय?"

"काय सांगू? आपलं पोट याच हातावर आहे."

काकूंनी कुजलेल्या तिसरीचा फुलांचा दांडा कापून पाण्याच्या पेल्यात ठेवला. दोन दिवसांत घंटा उमलल्या, मुळांशिवायसुद्धा. शेजारीण येऊन वाहवा करून गेली. काकांना मात्र त्या फुलांकडे पाहवेना.

शेजारीण येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बेकरीत, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर, त्यांनी स्वतः तोडलेले गोळे बेकरीच्या काट्यावर एकेक करून तोलले. सत्तर. ब्याण्णव. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याण्णव. आणि सहा महिन्यांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती! मग दुकानात एकसारख्या वजनाचे पाव कसे जात होते?

गोळ्यांना आकार देणाऱ्या त्यांच्या जोडीदाराचं टेबल शेजारीच होतं. तिथे पिठाच्या पोत्याआड एक छोटा वजनकाटा होता. त्याच्या ताटलीला ओलं पीठ चिकटलेलं, आणि बाजूच्या वाटीत गोळ्यांमधून काढलेले चिमूट-चिमूट तुकडे.

तेवढ्यात जोडीदार आत आला. त्याने काकांकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि ॲप्रन बांधायला घेतला.

"काका, चहा सांगू?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. हा इतके दिवस मुकाट्याने आपली चूक निस्तरतोय. पण मालकाला हे ठाऊक आहे का?